शेठचं बोटिंग आणि आबांचा डबा

काल संध्याकाळी गणपती घाटावर नेहमीचे चौघं बसलो होतो आणि शेठनं मोबाईल पुढं केला. तोच फोटो, सकाळपासून वाईच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय तो, आपला घाट पुढं कसा दिसेल त्याच्या चित्राचा. घाटाला रंगीत लायटिंग, नदीत बदकाच्या बोटी, मधोमध 'आय लव्ह वाई' अशी पुरुषभर उंच अक्षरं.

"टुरिझम पोटेन्शियल बघा! पाचगणीला जाणारी गाडी इथं थांबली पाहिजे. आपल्याकडं हिस्ट्री हाय, प्रॉडक्ट न्हाय." शेठला देवळाच्या पायरीवर बसवा नाहीतर मयतीला न्या, तिसऱ्या वाक्याला प्रॉडक्ट येणारच.

आबा म्हणाले, "पूर कुठाय रं यात?"

"काय?"

"चित्रात पूर दिसंना."

मास्तरांना एवढं निमित्त पुरलं. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती काढलीय, पुराचं पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. आम्ही लहानपणापासून त्या भिंतीला टेकून बसतो, पण बांधणाऱ्यानं आधी नदीला वाट दिली आणि मग देव बसवला हे मास्तरांनी सांगितलं की मला दरवेळी भारी वाटतं.

आबा म्हणाले, "आणि तुझी ती अक्षरं पहिल्या पुरात वाहून जातील. कराडची लोकं प्रीतिसंगमावर बसून वाचतील, आय लव्ह वाई."

शेठ चिडला. म्हणे मेणवलीला बघा, नाना फडणवीसांचा वाडा, घाट, घंटा, शूटिंगवाले येतात, पब्लिक येतं. मास्तर लगेच घंटेवर घसरले, चिमाजी आप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हाची ती पोर्तुगीज घंटा, तिच्यावर 1707 साल आणि बाळाला घेतलेली मेरी. खरंच बघण्यासारखी आहे. पण आबांचं म्हणणं वेगळंच, "घंटा बघून माणूस पुढं काय करतो? पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसतो. परत यावंसं वाटतं ते त्या पाण्यापायी."

मला हे शंभर टक्के पटतं. घाट बांधले ते पाण्यात उतरायला, पाण्याकडं बघत फोटो काढायला नाही. आपला कृष्णाबाईचा उत्सव घ्या, अफझलखान आला तेव्हाच्या, म्हणजे 1659 च्या नवसापासूनचा सांगतात, माघात सुरू होतो, सात घाट आणि प्रत्येक आळीची आपापली पाळी. नदीला आपण बाई म्हणतो, तिला घाटावर आणून बसवतो, कीर्तनं होतात, पंगती उठतात, पोरं खेळण्यांच्या दुकानातून हलत नाहीत. करमणूक आणि इतिहास एकाच मांडवात असतो आपल्याकडं. (इथं शेठ आणि मास्तरांचं मधल्या आळीची आमटी भारी की गंगापुरीची यावरून दहा मिनिटं वाजलं, ते जुनंच आहे, सोडून देतो.) पण त्याच बाईच्या पात्रात नाल्याचं पाणी येतं, जलपर्णी माजते. माझ्या पुतण्याला पोहायला शिकवायला टँकवर नेतो आम्ही, महिन्याची फी भरून, आणि घर नदीपासून पाच मिनिटांवर. हे मला रोज टोचतं. आधी नाले बंद करा, मग खुशाल बोटी आणा, मी स्वतः बसेन.

आम्हाला आबांनीच शिकवलं इथं. तेलाचा पत्र्याचा डबा, तोंड डांबरानं बंद केलेलं, सुतळीनं पाठीला करकचून बांधायचे, काखेत वळ उठायचे. आठवडाभर डब्यावर तरंगायचं आणि एक दिवस आबा मागून गुपचूप गाठ सोडायचे. मी त्या दिवशी हातपाय मारत पलीकडं गेलो. शेठ दोन घोट पाणी पिऊन आबांच्या गळ्यात पडला तो थेट घरी गेला, आणि त्यानंतर गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेला कुणी पाहिला नाही.

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "मग शेठ, पहिल्या बोटीत कोण बसणार? नारळ फोडायला तुलाच बोलावतील की."

शेठ म्हणाला, "लाईफ जॅकेट असतंय."

"जॅकेट कशाला," आबा म्हणाले, "तुझा डबा अजून माळ्यावर हाय माझ्या."

आम्ही इतके हसलो की चहावाला गाडी सोडून बघायला आला. शेठ मोबाईल खिशात घालून बराच वेळ पाण्याकडं बघत बसला आणि मग हळूच म्हणाला, "गळत न्हाय ना तो?"