खालचे झाले, वरचे मंगळवारी

आमच्या घरात स्कूटरचं सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी होतं, न चुकता. दातांचं शेवटचं कधी झालं असं कुणी विचारलं, की मी बायकोकडे बघतो आणि बायको कालनिर्णयकडे.

गेल्या गणपतीत सोसायटीत मोफत दंत तपासणी शिबिर झालं. मोफत म्हटल्यावर आम्ही आरतीआधीच रांगेत. डॉक्टरांनी बॅटरी मारून माझ्या तोंडात डोकावलं आणि शेजारच्या डॉक्टरांनाही बोलावलं. तेव्हाच समजायला हवं होतं. "आधी क्लीनिंग करून घ्या, मग बोलू," म्हणाले. नौपाड्यात चौकशी केली, तर माणशी बाराशे! आई यातून सुटली. तिची कवळी आहे, ती रोज रात्री वाटीत फुकटात साफ होते. तरी उरलो तिघं, म्हणजे छत्तीसशे. ऑफिसच्या मेडिक्लेमचा कागद काढला, पण त्याला चोवीस तास ॲडमिट झालेला माणूस लागतो. कीटण काढायला कोण ॲडमिट करून घेणार?

बायकोच्या हिशेबाच्या वहीत फ्लॅटचा हप्ता, मेंटेनन्स, क्लासची फी यांना स्वतंत्र पानं आहेत. दात 'किरकोळ'मध्ये गेले, इस्त्रीवाला आणि बारशाचं पाकीट यांच्या मधोमध. ठरलं असं की एकेकाने, दोन-दोन महिन्यांनी करायचं. आधी मुलगा, मग ती, शेवटी मी. तिचं म्हणणं, आपलं दिवाळीआधी उरकावं. मी म्हटलं, दात घासून-पुसून चकलीला देणं म्हणजे स्कूटर धुऊन पावसात काढणं. तो वाद भाऊबीजेला आपोआप मिटला. माझी पाळी आली डिसेंबरात आणि त्याच महिन्यात चुलत मेहुणीचं लग्न. माझे बाराशे आहेरात गेले. मार्चमध्ये टॅक्स कापला गेला, एप्रिलमध्ये वह्या-पुस्तकं. जूनमध्ये हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

"राखुंडी लाव," आई म्हणाली. "आणि त्या मशीनच्या नादी लागू नकोस, दात हलतात."

शेवटी कुणीतरी सुचवलं की डेंटल कॉलेजात स्वस्तात होतं, विद्यार्थी करतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल धरून नवी मुंबई गाठली. केसपेपर आणि क्लीनिंग मिळून दोनशेच्या आत. मनातल्या मनात मी उरलेल्या हजाराचं काय करायचं ते ठरवून टाकलं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. "काका, आ करा." मी केला. तिने आरसा घातला आणि तिचा चेहरा असा खुलला, की बायकोचाही मला बघून कधी खुलला नसेल. "कॅल्क्युलस बघ, कॅल्क्युलस!" मैत्रीण आली, मग मैत्रिणीची मैत्रीण. कॅल्क्युलस म्हणजे आपलं कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला म्हणे त्याची सलग भिंतच होती. जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात, लाळेत कॅल्शियम असतं, दातावरचा चिकट थर त्याने दगडासारखा घट्ट होतो आणि मग ब्रशला दाद देत नाही. हे सगळं ती मला सांगत होती आणि माझ्या तोंडात पाणी उडवणारी पिन, पाणी ओढणारी नळी आणि तिची दोन बोटं असल्यामुळे मी फक्त भुवयांनी हुंकार देत होतो.

"शेवटचं कधी केलं होतं?"

"दोन वर्षं झाली असतील," मी चूळ भरता भरता म्हणालो. तिने ट्रेमध्ये पडलेला खडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. लिहिलं मात्र काही नाही.

पाऊण तासाने सरांनी येऊन तपासलं, दोन जागा परत करायला लावल्या. तोवर वेळ संपली. "काका, खालचे झाले. वरचे मंगळवारी."

म्हणजे आणखी अर्धी रजा. आठवडाभर माझं तोंड हॉलला रंग देऊन झालाय आणि बेडरूमचा डबा संपलाय अशा अवस्थेत होतं. जीभ सारखी खाली जाऊन फटी मोजायची. इतकी वर्षं बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्या होत्या. आई म्हणाली, "बघ, हलले की नाही?" दात जागच्या जागी होते, भिंत तेवढी गेली होती. हे तिला पटवायचा नाद मी सोडून दिला. बायकोने मात्र दोन अर्ध्या रजा, लोकल, रिक्षा आणि स्टेशनबाहेरचे दोन-दोन वडापाव मांडून वही माझ्यापुढे सरकवली. एक वडापाव मी कबूल केला नव्हता, तोही तिने धरला होता.

मंगळवारी वरचे झाले. पॉलिश करून तिने मला आरसा दिला. मी माझ्याच दातांना अनोळखी माणसासारखं हसून दाखवलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडे अजून कुणी आहे का? मला अजून सहा पेशंट पूर्ण करायचेत."

"मेहुणा आहे कळव्याला," मी म्हटलं. "वीस वर्षं तंबाखू मळतोय."

तिने लगेच पेन काढलं.