गवताचं छप्पर गवतानं होत नाही

गवताचं छप्पर गवतानं होत नाही. देखाव्यासाठी वीतभर झोपडी करायला बसणाऱ्यानं हे वाक्य आधी गिळावं, मग घरच्यांच्या गळी उतरवावं. दुसरं काम मला अजून जमलेलं नाही. पोट्ट्यांच्या शाळेचा 'आपले गाव' प्रकल्प असो की तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोट्ट्यांच्या लाकडी बैलांच्या सणाचा, देखावा, घरातलं कोणीतरी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणतंच, "एवढं रान माजलंय, घ्या की उपटून! सुतळी काय विंचरत बसलाय?"

हिशेब साधा आहे. झोपडी 1:40 मापाची, म्हणजे खऱ्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी धरा. साडेपाच फुटी माणूस चार सेंटिमीटरचा होतो. आता अंगणातली गवताची काडी घ्या, जाडी एक मिलिमीटर. चाळीसनं गुणा. चार सेंटिमीटर! म्हणजे त्या बिचाऱ्या चार सेंटिमीटरच्या शेतकऱ्यानं घर बांबूंनी शाकारलंय असं दिसतं. कूलरच्या ताटीतला लाकडाचा कीस तर त्याहून वाईट. तो मुळातच कुरळा, त्यामुळे छप्पर नुकतंच झोपेतून उठल्यासारखं दिसतं. काडी केसाइतकी बारीक हवी, आणि तेवढं बारीक, सरळ, स्वस्त असं घरात एकच असतं: सुतळी.

सुतळीचा छोटा गुंडा नागपुरात इतवारीच्या बाजारात कुठेही मिळतो आणि एका झोपडीला पुरून उरतो. पण तिला रॉकेलसारखा वास येतो. ताग पिंजताना तेल लावतात, त्याचा तो वास. त्या तेलावर ना गोंद धरत, ना रंग. म्हणून अडीच-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करायच्या आधी अख्खी लड कोमट पाण्यात चिमूटभर साबणपूड टाकून धुवायची, वाळवायची, मग पीळ उलगडून जुन्या कंगव्यानं विंचरायची. कंगवा जुनाच घ्या. कंगव्यावरून होणारी भांडणं छपरापेक्षा जास्त टिकतात.

खालचा सांगाडा दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचा. थर्माकोल नको. त्यावर स्प्रेचा रंग मारला की तो डोळ्यांदेखत विरघळतो. झोपडी 10 सेंटिमीटर रुंद असेल तर आढं, म्हणजे छपराचा माथा, भिंतीच्या पाच सेंटिमीटर वर, म्हणजे उतार 45 अंशांचा. गवतावरून पाणी निथळायला उतार खडाच लागतो. सपाट ठेवलात तर जाणकार माणूस नुसता बघूनच म्हणेल, हे घर गळतं. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, एकेक सेंटिमीटर बाहेर काढली की प्रत्येक पाखं, म्हणजे छपराची एकेक उतरती बाजू, साडेआठ सेंटिमीटरचं होतं. पुठ्ठा आधी तपकिरी रंगवून घ्या. नाहीतर फटीफटीतून पांढरा पुठ्ठा दात दाखवत राहतो.

मग आठ-आठ मिलिमीटरवर आडव्या रेघा मारायच्या आणि खऱ्या घरासारखं वळचणीकडून वर शाकारत जायचं. आढ्याकडून सुरुवात करणारे असतात. त्यांच्या घरात पाणी शिरो. प्रत्येक जुडीच्या फक्त वरच्या टोकाला गोंद, तोही घट्ट फेव्हिकॉलची बारीक पट्टी. पातळ केलात तर तो काड्यांतून खाली झिरपतो आणि छप्पर वाळल्यावर दात घासायच्या ब्रशसारखं कडक होतं. अडीच सेंटिमीटरच्या काडीतलं आठच मिलिमीटर दिसतं, बाकी वरच्या ओळींखाली जातं. त्यामुळे कुठेही पाहिलं तरी तीन थर असतात आणि चार-पाच मिलिमीटरची जाडी आपोआप येते. एका पाख्याला दहा-अकरा ओळी, दोन्हीला मिळून बावीस. सतरावीला माणूस कवेलूंचा, म्हणजे मातीच्या कौलांचा, विचार करू लागतो.

(करायला हरकत नाही. दोन ऑक्टोबरला बापूकुटी करणाऱ्यांनी तर करायलाच हवा. सेवाग्रामच्या त्या कुटीवर गवत नाही, कवेलूच आहेत. तरी दरवर्षी तिला कोणी ना कोणी शाकारतोच.)

आता नागपूरची हवा. विंचरलेली सुतळी फुंकरीनं उडते, म्हणजे पंखा बंद, कूलर बंद. उन्हाळी शिबिरं नेमकी मे महिन्यात, पारा 45 वर. जुडी टेकवेपर्यंत गोंदावर साय धरते आणि काड्या चिकटल्यासारखं नाटक करून रात्री गळतात. त्यामुळे गोंद एकावेळी चार बोटांपुरताच लावायचा. तान्हा पोळा भर पावसाळ्यात. तेव्हा तोच गोंद दुसऱ्या दिवशीही ओला असतो. पैसे वाचवायला कणकेची खळ वापरलीत तर झुरळांना जेवणाचं आमंत्रण. मोरचूद टाकला की ती येत नाहीत, पण तो विषारी, पोट्ट्यांच्या हातात द्यायचा नाही. या कामाला उत्तम हवा डिसेंबरात असते. डिसेंबरात झोपडी कोणालाच नको असते.

आढ्यावर जुडी दुमडून आडवी घालायची आणि उदबत्तीची जळून उरलेली काडी उभी चिरून दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं आवळायची. वळचण शेवटी, पूर्ण वाळल्यावर, धारदार कात्रीनं कापा. ओली कापलीत तर न्हाव्यानं अर्ध्यात सोडलेल्या डोक्यासारखी दिसते. मग एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी आणि शाम्पूचा एक थेंब, असा फवारा. शाम्पूशिवाय पाणी काड्यांवर मोत्यासारखं बसून राहतं, आत शिरत नाही.

रंगाच्या बाबतीत सगळे सोनेरीवर जीव टाकतात. सोनेरी छप्पर मृगाआधी नवं शाकारलेलं तेवढं असतं. एक पावसाळा गेला की ते राखाडी आणि वळचणीला काळपट होतं. तेव्हा पातळ तपकिरी ॲक्रिलिकचा हात, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं मळकट पांढरा, नुसता वरवर. पोस्टर कलर नको. एका ओल्या बोटानं तो हातावर येतो, आणि देखावा बघायला येणारा प्रत्येक माणूस बोट लावूनच बघतो.

एवढं झाल्यावर शेजारी लाकडी बैल आणून ठेवतात. बैल 15 सेंटिमीटर उंच, झोपडी त्याच्या खांद्याला लागत नाही. खरा बैल साडेचार फुटी धरला तर माप 1:9 होतं आणि बारा फुटी घर 40 सेंटिमीटरचं करावं लागतं. म्हणून बैल आधी मोजा, मग कात्री उचला. एवढ्या मापाला सुतळी उलट लोकरीसारखी मऊ दिसते. तिथे काथ्या चालतो, फुलझाडूचे तुरे चालतात. फक्त झाडू स्वतःच्या पैशानं आणलेला असावा, आणि घरात येताना कोणी बघू नये.