42 टक्के कोणाचे?

जळगावच्या दवाखान्यात धाकट्या चुलतबहिणीला रक्त चढवायचं होतं. नववा महिना, हिमोग्लोबिन 6, डॉक्टरांनी दोन पिशव्या सांगितलेल्या. मी रक्तपेढीकडे निघालो तर तिच्या सासूबाई मोबाईल धरून दारात. "भाऊ, कावीळ व्हस म्हने, खरं शे का?"

मेसेज तुमच्याकडेही आला असेल: ‘इंग्लंडमध्ये रक्त घेतलेल्या 42 टक्के लोकांना हिपॅटायटिस ई झाला. आपल्याकडे त्याची तपासणीच नाही. गरोदर बाईला रक्त देऊ नका. रक्तदान केल्यानेही कावीळ होते.’

हिपॅटायटिस ई म्हणजे यकृताला सूज आणणारा, कावीळ करणारा विषाणूचा आजार. आधी ते 42 टक्के. आकडा खोटा नाही, अर्धा कापलेला आहे. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हा अभ्यास आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागात रक्ताच्या सव्वादोन लाख पिशव्या तपासल्या, त्यातल्या 79 दात्यांच्या रक्तात हा विषाणू निघाला. म्हणजे 2,848 मध्ये एक. ते दूषित रक्त ज्यांना गेलं त्यांच्यापैकी 43 जणांचा मागोवा घेतला, 18 जणांना लागण दिसली. हे 18 म्हणजे तुमचे 42 टक्के! आजार उघड दिसावा इतका त्रास एकालाच झाला, तोही सौम्य. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत मात्र विषाणू बराच काळ रेंगाळला, हेही त्यातच आहे.

रक्तदानाने कावीळ? सुई नवी, पिशवी नवी, रक्त बाहेर जातं, आत काही येत नाही. पुढे.

तपासणी नाही, हे खरं आहे, नाइलाजाने मान्य. आपल्याकडे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया एवढ्याच चाचण्या सक्तीच्या. कावीळ होऊन गेली का, हे विचारतात, पण ज्याला त्रासच झाला नाही तो काय सांगणार? ब्रिटनने 2017 पासून सगळं रक्त तपासायला घेतलं. आपल्याकडेही तशी मागणी करा, मी सही करतो.

पण ‘गरोदर बाईला रक्त देऊ नका’ हे वाचून डोकं फिरलं. शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शंभरातल्या 20 ते 25 बायका दगावू शकतात. भीती खरी आहे, बोट भलतीकडे आहे. आपल्याकडे हा विषाणू येतो तो बहुतेक मैल्याने बिघडलेल्या पाण्यातून. 1955-56 ला दिल्लीत 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली, ती पाण्यात सांडपाणी मिसळल्याने. आणि इथे हिमोग्लोबिन 6 असलेली बाई बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी कोसळते. एखादी पिशवी वाईट निघेल म्हणून समोरचं मरण ओढवून घ्यायचं?

पाऊण तास वाद घातला. शेवटी पिशवी लागली, तेव्हा सासूबाई खाली गेल्या होत्या. वर आल्या त्या सुनेसाठी गाडीवरचा उसाचा रस घेऊन. बर्फ घालून.