मोबाइलवरची प्रश्नावली आणि गुरुवारचा फोन

माझी भाची जेवण झाल्यावर मोरीचा नळ सोडून उलटी काढत असे. दोन वर्षे तिने हे कोणालाही सांगितले नाही, आणि शेवटी पहिल्यांदा सांगितले ते मोबाइलवरच्या एका प्रश्नावलीला. ज्या घरात ताट वाढता वाढता 'अंग जरा कमी कर, म्हणजे स्थळे येतील' असे मायेनेच बजावले जाते, तिथे ती बोलणार तरी कोणाशी? म्हणून खाण्याच्या विकारांसाठी संगणकावर मिळणाऱ्या स्वमदतीला मी कमी लेखत नाही. मात्र त्या पडद्यामागे माणूस असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेत सी. बार टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्टुडंट बॉडीज' या आठ आठवड्यांच्या इंटरनेट-कार्यक्रमाची चाचणी वजनाची फार चिंता करणाऱ्या ४८० तरुणींवर घेतली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण गटात विकार जडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु ज्यांचे वजन सुरुवातीलाच जास्त होते, त्यांच्यापैकी कार्यक्रम घेतलेल्या एकीलाही दोन वर्षांत विकार जडला नाही, तर न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. या कार्यक्रमातल्या गटचर्चेवर देखरेख ठेवायला माणूस होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही बुलिमियाच्या, म्हणजे खूप खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या विकाराच्या, प्रौढ रुग्णांना आधी स्वमदत सुचवतात, पण सोबत वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटी ठेवूनच. ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याच्या विकारात, शरीरच धोक्यात असते. तिथे डॉक्टरांशिवाय पर्याय नाही.

माणूस बाजूला केला की काय होते, तेही दिसले आहे. २०२३ मध्ये खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतील 'नेडा' या संस्थेने आपली हेल्पलाइन बंद करायचे ठरवले, आणि त्याच सुमारास तिच्या 'टेसा' या चॅटबॉटने, म्हणजे आपोआप उत्तरे देणाऱ्या संगणक-प्रणालीने, मदत मागणाऱ्यांना वजन घटवण्याचे आणि कॅलरी मोजण्याचे सल्ले दिल्याचे उघड झाल्यावर तो बंद करावा लागला. उपाशी राहायचे, भूक अनावर झाली की खूप खायचे, मग घाबरून उलटी काढायची, या चक्रात सापडलेल्या मुलीला कॅलरी मोजायला सांगणे हे क्रूर आहे.

मराठीत असा कार्यक्रम व्हावा, ही माझी कळकळीची इच्छा आहे. तोवर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर निदान बोलता येते. भाची आता काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय होते, याची नोंद मोबाइलवर ठेवते. दर गुरुवारी तिची समुपदेशक ती वाचून तिला फोन करते, आणि बुधवारी रात्री भाची राहिलेल्या नोंदी पूर्ण करत बसलेली असते.