“नको काका”

आज नात्यातल्या एका वास्तुशांतीला गेले होते. जेवणं उरकली, पुरुषमंडळी सतरंजीवर टेकली आणि नेहमीप्रमाणे खिशातून पुड्या निघाल्या. एका काकांनी माझ्या भाच्यासमोर सुपारीचा तळहात धरला. “घे.” पोरगा आठवीत आहे. म्हणाला, “नको काका.”

झालं! “मिसरूड फुटायला लागलं की रे, घाबरतोस काय? बायल्या कुठला!” सगळे हसले. सगळे म्हणजे सगळे, त्याचे वडीलसुद्धा.

हो, नुसती सुपारी होती, तंबाखू नव्हती, मान्य. (सुपारीनेही कॅन्सर होतो, पण लग्नकार्यात हे बोललं की आपण भांडखोर.)

येताना स्कूटरवर मागून म्हणतो, “मावशी, शाळेत पण हेच म्हणतात.” मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीपाशी मावा (सुपारी, तंबाखू, चुना एकत्र) मळतात म्हणे. एक जण मळतो, बाकीचे चिमूट चिमूट घेतात. हा नको म्हणाला. तेव्हापासून याची बॅटिंग येतच नाही. फिल्डिंग मात्र ऊन उतरेपर्यंत. हेल्मेट होतं म्हणून बरं, माझे डोळे कोणाला दिसले नाहीत.

शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्या पोराला तर कुठेच नाही, हा कायदा २००३ चा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून. मग पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, आणि पोरं तोंडात एकत्र करतात! टपरीवाल्याला शिव्या घालायला मीही तयार आहे. पण त्या टपरीचा रस्ता पोराला दाखवला कोणी? “जा रे पळत, पुडी आण, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे,” हे कोण म्हणतं?

वर आम्हीच सांगणार, मुलांनी ठाम राहावं. अहो, तेराव्या वर्षी मित्र म्हणजे सगळं जग असतं. तुम्ही पन्नाशीला आलात, तरी साहेबांनी ग्लास पुढे केला की “आज उपास आहे”, “अँटिबायोटिक चालू आहे” अशा थापा मारता. त्या पोराने थाप नाही मारली. सरळ नको म्हणाला, तेही वीस मोठ्या माणसांसमोर.

काका वाईट नाहीत हो. माझे बाबा आजारी होते तेव्हा हेच काका रात्र रात्र दवाखान्यात बसले होते. म्हणून तर जास्त लागलं. परक्याने म्हटलं असतं तर तिथेच ऐकवलं असतं.

असो. भाच्याच्या बॅटिंगचं बघायचंय. बारा-चौदाची पोरंपोरी घरात असतील आणि रविवारी सकाळी सातला उठत असतील, तर मेसेज करा. बॅट-बॉल माझ्याकडून, नंतरचे पोहेही. ओपनिंगला कोण जाणार ते ठरलंय, त्यावर वाद नको. काकालोकांनी बघायला जरूर यावं, खिसे घरी रिकामे करून.