‘फर्स्ट इयर कुणी विचारत नाही’ असं सांगणाऱ्यांना

दर वर्षी प्रवेशाची धावपळ संपत आली की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा वर्ग सुरू व्हायच्या आतच तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक पालकांचा. ‘बारावी सुटली, आता हे लक्षात ठेवा’ अशी सुरुवात आणि खाली पाच सल्ले. फर्स्ट इयरचे मार्क कुणी विचारत नाही. लेक्चरला बसायची गरज नाही, नोट्स आणि व्हिडिओ पुरतात. इंग्रजी कच्चं असेल तर मागे बसा, आधी इंग्रजी सुधारा आणि मग तोंड उघडा. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) वगैरे टाइमपास आहे. आणि नाशिकमध्ये राहून काही होत नाही, जमेल तेव्हा पुणं गाठा.

मी नाशिकमध्येच पदवीच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवते. हा मेसेज वाचून त्याप्रमाणे वागलेली मुलं मार्चमध्ये माझ्यासमोर उभी राहतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा मार्कांचा. ही समजूत कुठून आली ते मला ठाऊक आहे. जुन्या वार्षिक पद्धतीत क्लास ठरताना शेवटच्या वर्षाचं वजन फार असायचं, त्यामुळे तुमच्या मामा-काकांनी हा सल्ला दिला असेल तर तो त्यांच्या काळापुरता खरा होता. आता तसं राहिलेलं नाही. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160. सीजीपीए, म्हणजे ग्रेडची एकूण सरासरी, सगळ्या सेमिस्टरचा मिळून निघतो. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून 75 टक्के हवेत. त्या सहांतली दोन फर्स्ट इयरची. कागद घेऊन हिशोब करा. सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट सारखी धरली आणि पहिल्या दोन सेमिस्टरला 60 टक्के पडले, तर उरलेल्या चारही सेमिस्टरला सरासरी 82.5 टक्के काढावे लागतात. दुसऱ्या वर्षी जाग आलेल्या हुशार मुलीला हा आकडा सांगताना मला फार वाईट वाटतं. कारण चूक तिची कमी आणि तिला ‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्यांची जास्त असते.

लेक्चरचं मी एक कबूल करते. सगळी लेक्चर चांगली नसतात. काही तास निव्वळ नोट्स सांगण्यात जातात, काही जागा रिकाम्या असल्याने तास होतच नाहीत. व्हिडिओही उत्तम आहेत, मी स्वतः मुलांना पाठवते. पण आमच्याकडे बहुतेक विषयांत 100 पैकी 30 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि ते वर्षभर हजर असणाऱ्यालाच नीट मिळवता येतात. शिवाय थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास लागतात तर प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30. दुप्पट वेळ का, ते प्रयोगशाळेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या टायट्रेशनला, म्हणजे ॲसिड पुरतं उदासीन व्हायला अल्कली नेमकी किती लागते ते मोजण्याच्या प्रयोगाला, काय होतं बघा. फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली नॉब असलेल्या मापाच्या नळीत, अल्कली. व्हिडिओत शेवटचा थेंब पडतो आणि रंग बदलतो, बस. इथे डाव्या हाताने ब्युरेटचा नॉब आणि उजव्या हाताने फ्लास्क, दोन्ही एकदम सांभाळायचं असतं. थेंबाभोवती गुलाबी कडं येतं, हलवलं की विरतं, पुन्हा येतं, जरा जास्त वेळ टिकतं. या ठिकाणी हात आवरायचा असतो. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाचे फ्लास्क गडद गुलाबी होतात, म्हणजे पुढे गेलेले. मग पोरं शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतात. मी रागावत नाही. फ्लास्क धुवायला लावते आणि पुन्हा करायला सांगते. तिसऱ्या वेळी 10.3, चौथ्या वेळी परत 10.3 आलं, आणि पांढऱ्या कागदावर धरल्यावर दिसेल न दिसेल असा गुलाबी रंग राहिला, की ते पोर आपण होऊन मला हाक मारतं. हा हात नोट्समधून येत नाही.

आता तिसरा सल्ला, आणि या एकासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं. ‘इंग्रजी कच्चं असेल तर मागे बसा.’ आमच्या वर्गात सुरगाणा, पेठ, कळवणची मुलं असतात, दिंडोरी-निफाडची असतात. पहाटेची एसटी पकडून येतात किंवा वसतिगृहात राहतात. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली असतात आणि इथे पहिल्या दिवसापासून पुस्तक इंग्रजी. मेसेज लिहिणाऱ्याने या मुलांना नेमकं तेच सांगितलं जे त्यांना आधीच वाटत असतं: आपण इथले नाही.

काही वर्षांपूर्वी सुरगाण्याचा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. दीड महिना त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. एके दिवशी तास संपल्यावर टेबलावर वहीचं फाडलेलं पान ठेवून तो निघून गेला. पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, ‘मॅडम, मोल म्हणजे नक्की काय मोजतात? वजन की संख्या?’ दुसऱ्या दिवशी नाव न घेता तो प्रश्न मी फळ्यावर लिहिला. उत्तर कुणालाच धड देता येईना, इंग्रजी माध्यमातल्यांनाही. त्यांना व्याख्या पाठ होती, पण प्रश्न कधी पडला नव्हता. मग आम्ही मराठीतच बोललो. डझनभर केळी आणि डझनभर द्राक्षमणी, संख्या सारखी, वजन वेगळं. मोल हाही असाच एक डझन आहे, फक्त 12 ऐवजी 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात एवढ्या कणांचा. म्हणून कार्बनचा एक मोल 12 ग्रॅम भरतो आणि ऑक्सिजनच्या अणूंचा 16 ग्रॅम. त्या एका चिठ्ठीने सत्तर मुलांचा धडा सुटला. तो मुलगा पुढच्या आठवड्यात तिसऱ्या बाकावर आला.

तेव्हा बाळांनो, मराठीत विचारा. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी झालं तरी चालेल. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठीवर विचारा. वहीचं पान मधोमध मुडपून डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे तुमच्या शब्दांत अर्थ, असं रोज पाच शब्द करा. मराठी विश्वकोश नेटवर मोफत आहे, तिथे विज्ञानाच्या नोंदी वाचा आणि मग इंग्रजी पुस्तक उघडा. इंग्रजी अशाने येतं. गप्प बसून ते आलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आणि स्टाफरूमच्या दाराशी घुटमळू नका. ‘येऊ का सर’ म्हणून सरळ आत या. तुम्हाला उत्तर देणं हे आमचं कामच आहे. एखाद्याने झिडकारलं तर दुसऱ्याकडे जा.

एनएसएसबद्दल फार लिहीत नाही. ही योजना 1969 पासून चालू आहे, वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. नव्या रचनेत एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक या गोष्टींना क्रेडिट आहेत, म्हणजे मार्कांच्या भाषेतही तो टाइमपास उरलेला नाही. गावात बंधाऱ्याला दगड वाहताना झालेल्या ओळखी कॅन्टीनमधल्या ओळखींपेक्षा जास्त टिकतात, एवढं मी पाहिलं आहे. पैशाची ओढाताण असेल तर ‘कमवा व शिका’ची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा, आणि शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज शेवटच्या तारखेवर ढकलू नका. साइट तेव्हाच अडते.

राहिला पुण्याचा मुद्दा. एमएस्सीला पुण्याला जरूर जा, मी स्वतः शिफारसपत्र देईन. पण पहिल्या वर्षी घरचं जेवण सोडून, खोलीभाडं आणि मेसचे पैसे वडिलांच्या माथी मारून जाण्याआधी आपलं शहर तरी बघा. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून इथे आहे. एचपीटी कॉलेज 1924 चं, शिरवाडकर तिथेच शिकले. दिंडोरी रोडवरून मेरीच्या फाटकासमोरून तुम्ही रोज जात असाल, तर धरणांवर आणि पाण्यावर संशोधन करणारी ही संस्था 1959 पासून तुमच्या वाटेवर आहे. आत काय चालतं हे विचारणारा विद्यार्थी मला अजून फारसा भेटला नाही. आणि निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

मागच्या हिवाळ्यात झूलॉजीच्या मॅडम मुलांना तिथे घेऊन गेल्या, त्यांच्याबरोबर मीही गेले. फर्स्ट इयरची एक मुलगी जवळच्याच गावची. दुर्बीण तिने जन्मात पहिल्यांदा डोळ्याला लावली. पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा होता, कपाळावर पांढरा ठिपका. मॅडमनी यादीत लिहायला ‘कूट’ असं इंग्रजी नाव सांगितलं. ती दुर्बीण न काढता हळूच म्हणाली, “मॅडम, हा तर वारकरी. गंध लावलेलं असतं ना कपाळाला.” मॅडमनी सगळ्यांना थांबवलं आणि ते नाव यादीत लिहायला लावलं. परतीच्या बसमध्ये ती पहिल्या सीटवर बसली होती, मांडीवर यादी घेऊन, आणि उरलेल्या पक्ष्यांना आजी काय म्हणते ते फोनवर विचारत होती.