‘बोन’ हे नुसतं नाव नाही: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज दुकानाचं शटर उघडण्याआधीच उत्तर लिहायला बसलोय. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गौरी-गणपतीच्या आधी ताईंनी आमच्याकडून बोन चायनाचा पंधरा नगांचा टी-सेट नेला. घेताना त्यांनी सरळ विचारलं, “यात खरंच हाड असतं का?” काउंटरवरच्या आमच्या मुलानं सांगितलं, “नाही हो, नुसतं नाव आहे.” पुढे भाचीकडून खरं कळलं, पण तोवर त्याच सेटमधल्या दुधाच्या भांड्यातून गौरींना नैवेद्य दाखवून झाला होता. हाडातलं कॅल्शियम गरम चहात उतरून नातवंडांना अपाय होईल, आणि कपातून उजेड आरपार दिसतो म्हणजे माल हलका आहे, असंही त्यांनी लिहिलंय.

ताई, मुख्य मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. हाड असतं, आणि ते चिमूटभर नसतं. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या बोन चायनात जवळजवळ निम्मा भाग हाडांच्या राखेचा असतो. उरलेल्या निम्म्यात चिनी माती आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलकडचा एक दगड. लंडनजवळच्या बो इथं थॉमस फ्राय यांनी १७४०च्या दशकात मातीत हाडांची राख मिसळून पाहिली आणि १७९०च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या, भांडी बनवणाऱ्या स्पोड घराण्यानं ही कृती पक्की केली. हाडं मुख्यतः गुरांची, कारण त्यांच्यात लोह कमी असतं आणि त्यामुळे भांडं पांढरंशुभ्र निघतं. म्हणजे ‘बोन’ हे नाव वस्तूवरूनच पडलंय. आमच्या मुलानं दिलेलं उत्तर चूक होतं. त्यानं ते मुद्दाम दिलं नाही, त्याला माहीतच नव्हतं. पण माल ठेवणाऱ्यानं मालाची माहिती त्याला दिलेली असायला हवी होती, आणि ती मी दिली नव्हती. तुमची आणि तुमच्या घरच्यांची मी मनापासून माफी मागतो.

“अहो, भट्टीत जाळल्यावर हाड कुठे उरतं?” असं उत्तर आमच्या धंद्यात बरेच जण देतात. मला ते देववत नाही. शास्त्राच्या बाजूनं त्यात तथ्य आहे. ताज्या हाडात साधारण एक तृतीयांश भाग सेंद्रिय असतो, मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन, आणि बाकी खनिज. हाडं आधी उकळून चरबी-सरस काढतात, मग हजार अंशांच्या आसपास भाजतात. मांस, मज्जा, कोलॅजन सगळं जळून जातं आणि कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी राख उरते. ती मातीत कालवून भांडं घडवलं, की पुन्हा बाराशे अंशांच्या वर भाजणी. तिथे राखेतलं काही कॅल्शियम मातीशी जुळतं आणि ॲनॉर्थाइट नावाचं खनिज तयार होतं. उरलेल्याचं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं आणि या दोन्हींच्या मधल्या फटी वितळलेली काच भरून काढते. तेव्हा तयार कपात हाड हाडाच्या रूपात नसतं, हे खरं. पण ते फॉस्फेट आलं जनावराच्या हाडातूनच, आणि देवापुढे ते चालतं की नाही हे दुकानदारानं ठरवायचं नसतं. आमची आजी तर साधी कपबशीसुद्धा सोवळ्यात चालू देत नसे. तुम्ही विचारलंत तेव्हा खरं उत्तर मिळणं हा तुमचा हक्क होता.

बाकीच्या दोन गोष्टी मात्र मी मान्य करू शकत नाही, कारण हे वाचून दुसरं कुणी उगाच घाबरायला नको.

चहा मातीला लागत नाही, वरच्या ग्लेझला लागतो, आणि ग्लेझ म्हणजे काचेचा थर. शिवाय ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे विष नव्हे. अस्थिरोग शल्यचिकित्सक हाडातली पोकळी भरायला हाच पदार्थ वापरतात. या वापराचा अभ्यास अमेरिकेत फ्रेड अल्बी या शल्यचिकित्सकांनी १९२० सालीच प्रसिद्ध केला होता. खुब्याच्या कृत्रिम सांध्यावर हाड घट्ट धरावं म्हणून हायड्रॉक्सिॲपाटाइटचा थर देतात, तोही हाडातल्या खनिजाचाच भाऊबंद. नातवंडांची काळजी करायचीच, तर खूप जुन्या किंवा कुठून आली ते माहीत नसलेल्या भांड्यांची करा. त्यांच्या ग्लेझमध्ये किंवा रंगीत नक्षीत शिसं असू शकतं. हाडाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि उजेडाबद्दल. कप खिडकीसमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसते, ती पाहून मला आजही आनंद होतो. आतली स्फटिकं आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, म्हणून तो आत फारसा विखुरत नाही, आरपार येतो. कप हलका दिसतो, पण कडेचा टवका उडण्याच्या बाबतीत तो साध्या पोर्सलेनपेक्षा चिवट असतो. या भांड्याची सगळी कीर्ती याच दोन गुणांवर उभी आहे.

आजपासून बोन चायनाच्या प्रत्येक फळीवर ‘यात जनावरांच्या हाडांची राख असते’ अशी मराठीत पाटी लावतो आहे. ज्यात हाड नाही ती पोर्सलेन आणि स्टोनवेअरची भांडी समोरच्या कपाटात वेगळी मांडली आहेत. खनिजापासून बनवलेलं फॉस्फेट वापरूनही असाच माल निघतो, पण नुसतं पाहून तो ओळखता येत नाही. म्हणून बनवणाऱ्याकडून लेखी आल्याशिवाय आम्ही त्याला ‘बिनहाडाचा’ म्हणून विकणार नाही.

तुमचा सेट वापरलेला असला तरी परत घेतो, पूर्ण पैशांसह. तुम्हाला दुकानात यायची गरज नाही. बिलावर तुमचा पत्ता आहे, तुम्ही सांगाल त्या दिवशी मी स्वतः येऊन घेऊन जाईन. खोकं टाकून दिलं असेल तरी हरकत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा.